तेरचे गोरोबाकाका कुंभार



दिंडीच्या शंभर वर्षांच्या पुस्तकात एका संताचं चरित्र मी लिहावं असं मंडळींचं म्हणणं पडलं. ज्ञानोबा-तुकोबांवर लिहिणारे जाणते पुष्कळ आहेत. मी गोरोबाकाकांना धरलं. काका चिखलात उभे राहून नाम घेणारे संत. आपलाही जन्म चिखलात गेला, त्यामुळं त्यांचं काम मला कळतं, आणि काम कळल्याशिवाय हे चरित्र कळत नाही असं माझं मत आहे.

तेर हे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलंय. धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. ढोकी जवळ, म्हणून जुनी माणसं तेरढोकी असं जोडीनंच नाव घेतात. आज गाव म्हणावं तेवढंच दिसतं, पण एका काळी ही मोठी पेठ होती, तगर नावाची. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दी माणसानं आपल्या पुस्तकात तगरचं नाव लिहून ठेवलंय. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर आहे आणि तिथून कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जातं, असं त्यानं लिहिलंय. तेरच्या पांढरीत नांगर घातला किंवा पाया खोदला की खापरं निघतात. भाजलेल्या मातीच्या बाहुल्या निघाल्या, मणी निघाले. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर त्या वस्तू गोळा केल्या आणि आज तिथं त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. सांगायचं कारण असं की गोरोबाकाका जन्मले तेव्हाच त्या गावच्या मातीला कुंभाराचे हात लागून हजारावर वर्षं झाली होती. चांगली माती, बारमाही नदी आणि पेठेचं गाऱ्हाईक असल्याशिवाय कुंभार एका जागी इतका टिकत नाही.

काकांचा जन्म शके 1189 चा, म्हणजे इसवी सन 1267 चा मानतात. देवगिरीला तेव्हा यादवांचं राज्य होतं. वडील माधवबुवा, आई रखुमाई. दोघंही काळेश्वराचे भक्त आणि कुंभारकाम करून पोट भरणारे. माधवबुवांची आठ मुलं गेली आणि पांडुरंगाच्या कृपेनं आठवं लेकरू गोरीतून, म्हणजे पुरलेल्या जागेतून, जिवंत निघालं, म्हणून नाव गोरोबा पडलं, अशी कथा सांगतात.

आता एक हिशोब बघा. ज्ञानोबारायांचा जन्म शके 1197 चा, मुक्ताईंचा शके 1201 चा, नामदेवरायांचा शके 1192 चा. म्हणजे गोरोबा ज्ञानोबांपेक्षा आठ वर्षांनी मोठे आणि नामदेवांपेक्षा तर फक्त तीन वर्षांनी. ज्ञानोबांनी 1296 मध्ये समाधी घेतली तेव्हा गोरोबांचं वय तिशीच्या आतच होतं. आपण चित्रात पांढऱ्या दाढीचा म्हातारा बघतो तसं काही तेव्हा नव्हतं. तरी सगळे संत त्यांना काका म्हणत. नामदेवांसारखा बरोबरीचा माणूसही काकाच म्हणे. तीन वर्षांनी थोरल्याला कुणी काका म्हणत नाही, दादा म्हणतं. मग हा मान वयाचा नव्हे, दुसऱ्या कशाचा तरी आहे. तो कशाचा, हे पुढं येईल.

आधी काकांचं काम बघू, कारण पुष्कळदा कीर्तनात मडकं हा शब्द दृष्टांतापुरता येतो आणि जातो. मडकं घडायला काय लागतं हे आताच्या पोरांनी पाहिलेलंच नाही. माती आणायची ती कुठलीही चालत नाही. तळ्याचा गाळ किंवा नदीकाठची चिकण माती, गाढवावर घालून आणायची. वाळवायची, फोडायची, चाळायची. नुसती चिकण माती घेतली तर मडकं वाळताना तडकतं, म्हणून तिच्यात राख आणि घोड्याची नाही तर गाढवाची लीद मिसळायची. ही लीद भट्टीत जळून जाते आणि मडक्याच्या अंगात न दिसणारी बारीक छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून पाणी पाझरतं, वारा लागून ते उडतं आणि आतलं पाणी थंड होतं. मडक्यानं पाणी धरायचंही असतं आणि थोडं सोडायचंही असतं. धरलं नाही तर गळकं, आणि अजिबात सोडलं नाही तर उन्हाळ्यात त्याचा उपयोग काय?

मग चिखल तुडवायचा. हे सगळ्यात कष्टाचं काम आणि ह्याच कामात काकांच्या आयुष्यातली ती घटना घडली, म्हणून नीट सांगतो. भिजवलेली माती गोल पसरायची आणि टाचेनं दाबत दाबत कडेपासून मधे यायचं, परत कडेला जायचं. एक बोटभर जागा सुटता कामा नये. मातीत एखादा खडा राहिला किंवा हवेचा फुगा राहिला तर भट्टीत मडकं फुटतं, आणि फुटलेल्याचं खापर शेजारच्या चार मडक्यांना फोडतं. तुडवताना डोळ्यांचं काम नसतं, पायाला कळतं. मुगाएवढा खडा असला तरी तळपायाला टोचतो, कुंभार वाकतो आणि काढून टाकतो.

त्यानंतर चाक. चाकाला काठीनं गती द्यायची, गोळा ठेवायचा, ओल्या हातानं वर चढवायचा आणि दोऱ्यानं कापून उतरवायचा. पुष्कळांना वाटतं की मडकं चाकावर पुरं होतं. तसं नाही. चाकावर फक्त गळा आणि काठ नीट होतो, अंग जाड असतं. अर्धवट सुकल्यावर आतून दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडाच्या थापटण्यानं ठोकत ठोकत पोट फुगवायचं, बूड गोल करायचं. ह्या ठोकण्यानं माती दाबली जाते आणि अंग पातळ पण बळकट होतं. मग सावलीत वाळवण, आणि शेवटी आवा. गोवऱ्या, काटक्या, पाचट यांच्या थरात मडकी रचायची, वरून राख-माती झाकायची आणि आग द्यायची. एकदा आग लागली की कुंभाराच्या हातात काही राहात नाही. रात्रभर जागायचं आणि सकाळी किती निघतात ते बघायचं.

त्या मडक्याला फुलं-वेली काढलेल्या नसतात. त्याचा प्रत्येक भाग कुणाच्या तरी गरजेनं ठरलेला असतो. घागरीचं बूड गोल का? तर ती डोईवर चुंबळीत बसावी, कमरेवर टेकावी. गळा अरुंद का? चालताना पाणी हिंदकळून सांडू नये. काठ बाहेर वळलेला का? हाताला धरायला मिळावा, दोर अडकावा. दह्यादुधाच्या गाडग्याचं तोंड मात्र रुंद, कारण बाईचा हात आत जाऊन ते घासता आलं पाहिजे. धान्याला उतरंड, पाण्याला रांजण, भाकरीला खापर, देवापुढं पणती. संक्रांतीला सुगडं, नवरात्रात घट, अक्षय तृतीयेला केळी, लग्नात बोहल्याजवळची उतरंड. आणि शेवटी माणूस जातो तेव्हा पुढं चालणाऱ्याच्या हातात जे मडकं असतं तेही कुंभाराच्याच घरचं. राजाच्या घरी आणि महाराच्या घरी मडकं एकाच आव्यातलं. गावगाड्यात बारा बलुत्यांत कुंभार होता, सुगीला त्याला धान्याचं बलुतं मिळायचं. म्हणजे मडकं गळकं निघालं तर तोंड चुकवता येत नव्हतं, त्याच घरी पुन्हा खळ्यावर जायचं असे.

काका असे कुंभार होते. त्यांनी नामासाठी चाक सोडलं नाही आणि चाकासाठी नाम सोडलं नाही. आपल्या संप्रदायाची ही जुनी रीत आहे, सावता माळी मळ्यात, नरहरी सोनार पेटीपुढं, चोखोबा वेशीबाहेर आपल्या कामात. पण मला त्यातही कुंभाराचं एक विशेष वाटतं. आपण शेतकरी मृगात पेरणी करून आषाढीला निघतो. कुंभाराचं काय असतं? पावसाळ्यात मडकं वाळत नाही, गोवऱ्या ओल्या, आवा पेटत नाही. चाक आपोआप थांबतं. म्हणजे आषाढी वारी ही कुंभाराच्या हाताला काम नसण्याच्या दिवसांतच येते. देवानं पंचांग लिहिताना कुंभाराची सोय पाहिली असंच म्हणावं लागेल.

आता ती घटना. ही कथा ताहाराबादच्या महिपतीबुवांनी 1762 साली लिहिलेल्या भक्तविजयात आहे आणि आपल्या सगळ्यांच्या कानावर लहानपणापासून आहे. काकांची बायको संती. मूल लहान, रांगतं. संती पाण्याला निघाली तेव्हा मुलाकडं लक्ष ठेवा असं सांगून गेली. काका चिखल तुडवत होते, तोंडानं विठ्ठल चालू होतं. डोळे मिटले, देहभान गेलं. मूल रांगत रांगत चिखलात आलं आणि बापाच्या पायाखाली गेलं. संती घागर घेऊन आली तेव्हा चिखल लाल झालेला होता.

ही कथा सांगताना काही कीर्तनकार घाई करतात. काकांची समाधी किती गाढ होती बघा, असं म्हणून टाळ्या घेतात आणि पुढं जातात. मला ते पटत नाही. मी वर सांगितलं की तुडवणाऱ्याच्या पायाला मुगाएवढा खडा कळतो. ज्या पायाला खडा कळतो त्या पायाला पोटचं लेकरू कळलं नाही. ही गोष्ट सोपी करून सांगता येत नाही आणि सांगूही नये. समोर बसलेल्या बायांमध्ये कुणाचं मूल विहिरीत गेलेलं असतं, कुणाचं ट्रॅक्टर मागं घेताना चाकाखाली आलेलं असतं, आणि तो ट्रॅक्टर बापच चालवत असतो. असली घरं आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यापुढं टाळ्या घेऊन हा प्रसंग सांगायचा नसतो. महिपतीबुवांनी तरी संतीचा आकांत दडवलेला नाही.

आणि संतीला तर आपण फार लवकर दोषी धरतो. ती रागावली, विठ्ठलाला वाईट बोलली, ह्या भजनाला आग लागो अशा अर्थाचं बोलली. मग काय बोलायला पाहिजे होतं तिनं? माय आहे ती. चिखलातून लेकराचं अंग वेचणारी बाई देवाला शिव्याच देणार, आणि आपला पांडुरंग त्या शिव्या ऐकून घेणारा आहे म्हणूनच तो आपला आहे. काका मात्र विठ्ठलाची निंदा ऐकून भानावर आले आणि काठी घेऊन तिच्यावर धावले. तेव्हा संतीनं जीव वाचवायला आण घातली, मला हात लावाल तर तुम्हाला विठ्ठलाची शपथ आहे म्हणून. काकांचा हात तिथंच थांबला. तो नंतर कधी तिला लागलाच नाही.

दिवस गेले. संतीचा राग ओसरला, पण शपथ राहिली. तिनं पाया पडायला गेलं तरी काका मागं सरत. घरात मूल नाही, पुढं होण्याची आशा नाही. मग संतीनंच माहेरी जाऊन बापाला सांगितलं आणि आपली धाकटी बहीण रामी काकांना करून दिली. स्वतःच्या हातानं सवत आणणं काय असतं ते बायांनाच विचारावं. पण लग्नात सासऱ्यानं सहज, बापाच्या मायेनं, जावयाला बजावलं की दोघी माझ्याच लेकी, दोघींना सारखंच वागवा, विठ्ठलाची शपथ आहे. झालं. सारखंच म्हणजे दोघींनाही हात लावायचा नाही, असं काकांनी धरलं. एका रात्री काका झोपेत असताना दोघी बहिणींनी त्यांचे हात उचलून आपल्या अंगावर ठेवले. काका जागे झाले, शपथ मोडली हे दिसलं, आणि ज्या हातांनी ती मोडली ते हात त्यांनी तोडून टाकले.

हात म्हणजे कुंभाराचं सर्वस्व. शेतकऱ्याचा एक हात गेला तर तो कसंबसं दारं धरील, राखण करील. दोन्ही हात गेलेला कुंभार चाकावर काय करणार? त्या घरात आधी लेकरू गेलं, मग धंदा गेला. दोन बायका, हात नसलेला नवरा, थांबलेलं चाक. सुगीला बलुतं मागायला जायला तोंड नाही, कारण गावाला मडकं दिलेलं नाही.

अशा घरी पांडुरंग आला. पंढरीतून विटेवरून उतरून, कुंभाराचं रूप घेऊन, विठू असं नाव सांगून कामाला राहिला. बरोबर रखुमाई, आणि गरुड झाला गाढव. हे गाढवाचं सांगितलं की दिंडीतली पोरं हसतात आणि हसू द्यावं, कारण गरुडाला पाठीवर माती आणि मडकी वाहायला लावणारा देव दुसरा कुठं आहे? कथेत देवानं चमत्कार करून घर सोन्यानं भरलं नाही. त्यानं माती आणली, चिखल तुडवला, चाक फिरवलं, मडकी भाजली आणि बाजारात नेली. लोकांना ती मडकी फार आवडली म्हणतात. मला वाटतं की ती तशीच असणार, कारण ज्यानं ह्या देहाची मडकी घडवली त्याला पाण्याची मडकी काय जड. इकडं पंढरीत संतांना देव दिसेना, ज्ञानोबा आणि नामदेव शोध घेत तेरला आले, आणि विठू नावाचा तो गडी तेव्हाच नाहीसा झाला. कुणाच्या घरी आपण काय काम करून घेतलं हे काकांना तेव्हा कळलं.

पुढं आषाढीला काका दोघी बायकांना घेऊन पंढरीला गेले. गरुडपारापाशी नामदेवरायांचं कीर्तन चाललं होतं. विठ्ठलनामाच्या गजरात सगळ्यांनी हात वर केले, टाळ्या वाजवल्या. काकांनीही खांद्यापासून राहिलेली थोटकं वर केली आणि त्यांना हात फुटले. मग संतीनं देवापुढं पदर पसरला आणि आपलं लेकरू मागितलं. ते गर्दीतून रांगत आलं. रखुमाईमातेनं मधे पडून शपथही सोडवली आणि दोघींचा संसार नीट लावून दिला. क्रम लक्षात घ्या. लेकरू काकांच्या भक्तीला मिळालेलं नाही, ते संतीच्या पदरात पडलेलं आहे. जिनं देवाला शिव्या दिल्या तिलाच देवानं हातात आणून दिलं.

आता त्या काकापणाची गोष्ट. संतांचा मेळा जमला होता. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, नामदेव, सगळे बसलेले. जवळच काकांचं थापटणं पडलं होतं. मुक्ताईनं विचारलं की काका, ह्यानं काय करता? काकांनी सांगितलं की मडकं कच्चं की पक्कं ते पारखतो. मुक्ताई म्हणाली की आम्हीही मडकीच, बघा बरं किती भाजलोय. खरं तर थापटण्याचं मुख्य काम ठोकून आकार देण्याचं. पण पक्कं मडकं वाजवून पाहण्याची रीत आहेच. चांगलं भाजलेलं मडकं खणखणीत बोलतं, कच्चं किंवा चीर गेलेलं भद्द वाजतं. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं टेकवत गेले. सगळे निमूट बसले. नामदेवांच्या डोक्याला लागलं तसे ते चिडले, ही काय अतिथींची संभावना, म्हणून रागावले. काकांनी निर्णय दिला की हे एक कोरं आहे, बाकी सगळी भाजलेली.

नामदेव म्हणजे कोण? ज्याच्या हातचा नैवेद्य देव खातो, ज्याच्याशी देव बोलतो तो. त्याला कच्चा म्हणायचं धाडस त्या मेळ्यात दुसऱ्या कुणी केलं नसतं. ज्ञानोबांजवळ ज्ञान होतं, पण पारखायला मुक्ताईनं कुंभार निवडला. ती लहान होती पण फार शहाणी. ज्याचं सगळं आव्यात गेलं, लेकरू, हात, धंदा, संसार, आणि जो तरी नाम घेत उभा राहिला, त्याचा हात डोक्यावर पडला तर तो सोसावा लागतो. तीन वर्षांनी मोठ्या माणसाला काका म्हणायचं कारण मला तरी हेच दिसतं.

ह्या कथेत अजून एक बारीक गोष्ट आहे, ती कुंभारकाम ठाऊक असल्याशिवाय उमगत नाही. कच्चं मडकं म्हणजे टाकाऊ मडकं नव्हे. भाजलेलं मडकं फुटलं तर त्याचं खापर होतं, त्याची पुन्हा माती होत नाही. पण न भाजलेलं मडकं पाण्यात टाकलं की विरघळतं, पुन्हा तुडवता येतं, पुन्हा चाकावर घेता येतं. नाही तर आहे तसंच आव्यात ठेवता येतं. काकांनी नामदेवांना फुटका म्हटलं नाही, कोरा म्हटलं. फक्त आग लागायची राहिली आहे एवढाच त्याचा अर्थ. नामदेव रडत देवाकडं गेले, देवानं त्यांना गुरू करायला सांगितलं, आणि ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडं गेले. तिथं विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले, पाय उचलून ठेवावे तिथं पिंड उभी राहते, ही कथा आपण जाणतोच. नामदेव तिथं भाजून निघाले. ज्ञानोबांच्या मागं पन्नासावर वर्षं त्यांनी संप्रदायाची पताका वाहिली, पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची 61 पदं आहेत. कच्च्याला कच्चा म्हणणारा कुणी भेटला म्हणून पंजाबपर्यंत विठ्ठलाचं नाम गेलं.

काकांचे स्वतःचे अभंग थोडेच आहेत. निर्गुण, अनुभव, देहभाव जाणं, असला त्यांचा विषय. त्यांत रडगाणं कुठं नाही, लेकराचा उल्लेख करून कुणाची कीव मागितलेली नाही. भजनी मंडळांना एक विनंती. अशोकजी परांजपे यांनी गोरा कुंभार ह्या संगीत नाटकासाठी लिहिलेली पदं फार गोड आहेत, जितेंद्र अभिषेकींच्या चालीत ती घरोघर गेली. ती जरूर गावी, पण काकांचा अभंग म्हणून सांगू नये. काकांचे अभंग गाथ्यात आहेत, ते पाठ करावेत. कठीण आहेत म्हणून टाळू नयेत.

काकांनी शके 1239 मध्ये, म्हणजे 1317 साली, चैत्र वद्य त्रयोदशीला देह ठेवला. तेरला काळेश्वराजवळ, तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे. चैत्रात तिथं यात्रा भरते, दिंड्या येतात. चैत्र म्हणजे ऐन उन्हाळा, माठ आणि रांजण यांचा हंगाम. कुंभाराला त्या दिवसांत मान वर करायला सवड नसते, तरी गावोगावचे कुंभार चाक थांबवून तिथं येतात.

आपल्यापैकी जे तेरला जातील त्यांनी समाधीचं दर्शन झाल्यावर घाईनं गाडीत बसू नये. संग्रहालयात जावं. काचेच्या पेटीतल्या बाहुल्या बघाव्यात, पण साध्या मडक्यांची खापरं आहेत तीही बघावीत. चाकावर घडवलेल्या खापराच्या आतल्या अंगाला बोटांच्या गोल गोल रेषा उमटलेल्या असतात. बाहेरून थापटून, घासून गुळगुळीत करतात, आत कुणी बघत नाही म्हणून त्या तशाच राहतात.